नाकवाल्यांचा रस्सा

आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या आचाऱ्यांना सगळे नाकवाले म्हणत. खरं म्हणजे नाक दिसायला अगदी बेताचं, बसकं, जरा डावीकडे झुकलेलं. पण बसथांब्याजवळच्या हॉटेलात सत्तावीस वर्षं त्यांनी त्या नाकाच्या जोरावर स्वयंपाक केला. आता ते मुलीकडे राहायला गेले आहेत, म्हणून हे लिहायला हरकत नाही.

शिजत्या पदार्थाला त्यांनी कधी जीभ लावली नाही. पातेल्यावरचं झाकण उचलायचं, डोळे मिटायचे, एकदा वास घ्यायचा आणि म्हणायचं, "अजून चिमूटभर." किंवा, "झालं, उतरवा." चाखून बघणाऱ्या आचाऱ्यांविषयी त्यांचं मत वाईट होतं. "दहा वेळा चाखलं की जीभ खोटं बोलायला लागते," म्हणायचे. "नाक बिचारं कुणाची भीड ठेवत नाही."

मिठाला वास नसतो, असं मी त्यांना एकदा सांगितलं. शाळेत मुलांना तेच शिकवत आले होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमच्या पुस्तकातल्या मिठाला नसेल, बाई. पातेल्यातल्या मिठाला असतो. मीठ कमी पडलं की मटणाचा वास लांबून येतो. बरोबर पडलं की जवळ येतो."

त्यांच्या रस्स्यात मीठ कधी कमी नव्हतं आणि जास्तही नव्हतं.

मागच्या थंडीत त्यांना ताप आला. आठवड्याने उतरला, पण जाताना वास आणि चव दोन्ही घेऊन गेला. हे मला वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, जिन्यात सांगितलं. त्यांच्या हातात काळंठिक्कर झालेलं दुधाचं भांडं होतं.

"दूध आटून करपलं, बाई. तुमच्या मजल्यापर्यंत वास आला असेल. आणि हे शेगडीशेजारी बसून पेपर वाचताहेत."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"येईल म्हणतात परत. नाही तर नाही."

"हॉटेलात माहीत आहे?"

"छे. हाताला सवय आहे म्हणतात, हात चालतोय. तुम्हीही कुठे बोलू नका. मी तुम्हाला सांगितलं हे ह्यांना कळलं तर जेवायचे नाहीत. तसं आता जेवतात तरी कुठे म्हणा, भरतात नुसतं."

मी त्यांना तसं वचन दिलं आणि बोलले नाही. पाच महिने गेले आणि हॉटेलातून काही बरंवाईट ऐकू आलं नाही. रोज सकाळी ते इस्त्रीचा सदरा घालून जात, तो सदरा तिथल्या खिळ्याला टांगून दिवसभर बनियनवर राबत आणि संध्याकाळी पुन्हा तोच कडक सदरा घालून परत येत. मला वाटलं, निभावलं.

मग माझा धाकटा भाऊ आणि त्याची बायको दोन दिवसांसाठी आले. भाऊ कारखान्यात माल तपासायच्या खात्यात होता. निवृत्त झाला, पण तपासणं सुटलं नाही. चहा होईपर्यंत त्याने माझा पंखा, नळ आणि खुर्चीचा एक पाय नापास केले होते. निदान एक गोष्ट तरी त्याला बिनखोट दाखवावी म्हणून रविवारी दुपारी मी दोघांना त्या हॉटेलात नेलं. रस्स्याचं कौतुक त्याने माझ्या तोंडून कितीतरी वर्षं ऐकलं होतं.

जुने मालक दोन वर्षांपूर्वी वारले. आता गल्ल्यावर त्यांचा मुलगा बसतो. त्याने टेबलांवर काचा टाकल्या होत्या आणि भिंतीवर मोठी पाटी लावली होती: आवडलं तर इतरांना सांगा, नाही आवडलं तर आम्हाला सांगा. भावाला ती पाटी आवडली.

रस्सा आला. रंग तोच, वर तेलाचा पातळ तवंग तोच. पहिला घास घेतला आणि माझी जीभ आपोआप मागे सरली. भावजयीने पाण्याचा पेला उचलला. भावाने चमचा काचेवर आडवा ठेवला.

"ताई, हाच का तो?"

मी भात जास्त घेऊन दुसरा घास गिळला. इतक्यात तिथले जुने वेटर आले. उंचीमुळे त्यांना सगळे लांबडे म्हणत. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, काय समजायचं ते समजले आणि वाट्या गोळा करू लागले.

"नवीन पातेलं आत्ताच उघडलंय. तुम्हाला दुसरं काही आणतो, पाच मिनिटं."

जुन्या मालकांच्या वेळी गोष्ट इथेच संपली असती. पण गल्ल्यावरून आवाज आला, "ठेवा त्या वाट्या. काय झालं?"

"हे माणसांनी खायचं आहे का?" भावाने विचारलं.

"आमच्याकडे आजवर तक्रार आलेली नाही."

"मग आजपासून मोजायला लागा."

शेजारच्या टेबलांवरची तोंडं आमच्याकडे वळली. मालकाचा चेहरा लाल झाला. "ज्यांनी केलंय त्यांनाच विचारू. इथे सगळं उघड असतं. बोलवा आचाऱ्यांना."

"मी सांगतो ना आत जाऊन," लांबडे म्हणाले.

"तुम्ही नाही. ते इथे येतील."

नाकवाले हात पुसत बाहेर आले. सदरा घालायला वेळ मिळाला नव्हता. मला पाहून हसले. "बाई, पाहुणे आलेत वाटतं."

"काका, हे चाखा आणि सांगा," मालकाने वाटी पुढे केली.

"मी चाखत नाही, तुम्हाला ठाऊक आहे."

"आज चाखा."

त्यांनी वाटी सवयीने नाकाशी नेली आणि डोळे मिटले. बराच वेळ तसेच उभे राहिले. तिथे काही पोचत नव्हतं, हे त्या खोलीत फक्त त्यांना आणि मला माहीत होतं. मग त्यांनी एक चमचा तोंडात घातला आणि आमचे चेहरे एकेक करून पाहिले. फळ्यावर बोलावलेला मुलगा उत्तरासाठी वर्गाकडे बघतो, तसे.

कुणी 'खारट' म्हटलं असतं तर ते तिथल्या तिथे म्हणाले असते, "चुकलं, दुसरा करतो." पण भाऊ चिडला होता, मालक चिडला होता आणि चिडलेल्या माणसांना वाटतं की समोरच्याला सगळं कळलेलंच आहे. शब्द माझ्या ओठांवर आला होता. मग वाटलं, मी बोलले तर यांना कळेल की मला माहीत आहे. वहिनींना दिलेलं वचन आठवलं. मी हा विचार करते आहे तोवर ते म्हणाले, "बरोबर आहे."

"बरोबर आहे?" भाऊ म्हणाला. "मग संपवा."

आणि त्यांनी ती वाटी उभ्या उभ्या संपवली. घाई नाही, तोंड वाकडं नाही. पलीकडच्या टेबलावर कुणीतरी हसलं. मालकाने भावाच्या वाटीतला एक चमचा तोंडात घातला आणि तो लगेच कागदात थुंकला.

"माझ्या तोंडावर खोटं बोलता? या सगळ्यांसमोर? माफी मागा यांची."

"मागतो," नाकवाले म्हणाले. "पण कशाची, तेवढं सांगा."

ते खरंच विचारत होते. मालकाला तो उद्धटपणा वाटला, भावाला हेकटपणा. "बघा, वर विचारतातही," मालक म्हणाला आणि त्यांना आत जायला सांगितलं. आम्हाला मात्र त्याने हॉटेलतर्फे तीन आइस्क्रीम पाठवली. ती काचेवर वितळत राहिली आणि आम्ही उठलो.

घरी मी अंडी उकडली. पोटात काही गेल्यावर भाऊ मऊ झाला. "म्हाताऱ्याला काढला नाही म्हणजे मिळवली, ताई. मी तेवढ्यासाठी नव्हतो बोललो." तोवर काढलं होतं. ग्राहकासमोर खोटं बोलले, हे कारण.

तीन आठवडे ते जिन्यात दिसले नाहीत. शेवटी मीच खाली गेले. ते खिडकीशी बसले होते. थोडा वेळ हवापाण्याचं झालं.

"बाई, एक विचारू? त्या दिवशी काय झालं होतं?"

मी खुर्ची पुढे ओढली.

"मालकांना विचारलं तर म्हणाले, 'तुमचं तुम्हाला माहीत आहे.' लांबडे दोनदा येऊन गेले, पण विषय काढला की चहा पितात. करपलं होतं का? की मटण कच्चं होतं?"

"मीठ," मी म्हणाले. "दुप्पट."

"अगदी दुप्पट? की थोडं कमी?"

"दुप्पट."

ते बोट गुडघ्यावर फिरवत होते. "म्हणजे दोनदा पडलं," म्हणाले. मग हळूहळू सांगू लागले. वास गेल्यापासून मीठ घातलं की ते झाकणाच्या काठावरची कडी स्वतःपासून लांब फिरवून ठेवत, खूण म्हणून. आदल्या दिवशी, शनिवारी, मालकाने भिंतीची शेगडी काढून भटारखान्याच्या मधोमध आणली होती. दोन्ही बाजूंनी उभं राहून काम करता यावं म्हणून.

"मीठ घातलं या बाजूने आणि परत आलो त्या बाजूने. कडी माझ्याकडे दिसली. म्हटलं, राहिलंय."

आतून वहिनी म्हणाल्या, "मग जाऊन सांगा की तसं. झाकणाची चूक झाली म्हणावं."

"आणि झाकण कशाला फिरवत होतात, असं विचारलं तर? खोटारडा आचारी दुसरीकडे लागेल एखाद वेळेस. वास न येणारा कोण ठेवील?"

मग नाकवाल्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्हाला नवल नाही वाटलं, बाई? मला वास येत नाही म्हणालो त्याचं?"

"मला माहीत होतं."

"तेव्हाही?"

"तेव्हाही."

आतला भांड्यांचा आवाज थांबला. ते खिडकीबाहेर बघत होते.

"नुसतं 'मीठ' म्हणाला असतात," ते म्हणाले, "तरी भागलं असतं."

आवाजात राग नव्हता. असता तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं. मी उठून वर आले.