चढावरची टकटक

मास्तरांची जुनी गाडी आठवड्यात तिसऱ्यांदा गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली, तेव्हा मिस्त्रींनी हातातला पाना बाकावर आपटला.

"आता काय?"

"तेच. चढावर टकटकते."

"मला नाही ऐकू आली. पेट्रोल भेसळीचं असेल."

"तीन पंपांचं घालून झालं. बावीस वर्षं दुसऱ्या कुणाला बॉनेटला हात लावू दिला नाही, मिस्त्री. पण आज जमलं नाही तर उद्या दुसरीकडे नेईन. राग मानू नका."

राग मानू नका म्हणे. मिस्त्रींचं अख्खं नाव या एका कामावर उभं होतं. ठिणगीची वेळ ठरवणारा डिस्ट्रिब्युटर सैल करायचा, थोडा पुढे फिरवून गाडी चढावर घालायची, आणि टकटक कानावर आली की केसभर मागे घ्यायचा. ठिणगी उशिरा पडली तर गाडी मरगळते. फार आधी पडली तर इंजिन आतून ठोके खातं आणि एक दिवस पिस्टन जातो. ठिणगीची ही वेळ डोळ्यांना दाखवणारा, लेकीने पाठवलेला टायमिंगचा दिवा तीन वर्षं खोक्यात होता. कान शाबूत असताना दिवा कशाला?

तेवढ्यात वरच्या मजल्यावरून बायको उतरली. "अहो, किती हाका मारायच्या? मला ताईंकडे सोडा."

"बस मागे. सगळ्यांनी आजच डोकं खायचं ठरवलंय."

मास्तर पुढे मिस्त्रींशेजारी बसले. चढ लागला. मिस्त्रींनी दाबून गॅस दिला.

"हे काय वाजतंय?" बायको म्हणाली. "डब्यात बटणं हलवल्यासारखं."

मिस्त्रींनी पाय उचलला. "कुठे?"

"थांबलं."

पुन्हा गॅस. "आता?"

"आता वाजतंय की."

मिस्त्रींनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर खिडकीबाहेर बघत होते.

गाडी थांबवून मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, डिस्ट्रिब्युटर जरासा मागे घेतला. खाली जाऊन पुन्हा चढ. "अजून?" "अजून." तीनदा उतरले, तीनदा चढले. चौथ्यांदा बायको म्हणाली, "आता नाही."

मिस्त्रींना आधीही काही ऐकू आलं नव्हतं, आताही नाही.

"छान ओढतेय," मास्तर हळूच म्हणाले. "पुढच्या महिन्यात ऑइलला आणतो."

मिस्त्रींनी गाडी ताईंच्या घराकडे वळवली. मग वैतागून बायकोला म्हणाले, "घरी गेल्यावर तो दिव्याचा खोका शोधून दे."

"शोधायचा काय त्यात? तीन वर्षं त्याच्यावरच तर चहाचा कप ठेवताय."