शेंदराचा हात

"तुमच्या रक्तात शिसं आहे," डॉक्टर म्हणाले. माझ्या मनात पहिला प्रश्न आला, मग सुरेशला काही कसं होत नाही?

सुरेश माझा धाकटा भाऊ. पंचवटीतल्या एका छोट्या मारुतीची पूजा आम्हा दोघांकडे. दर शनिवारी तेलात शेंदूर कालवून हाताने मूर्तीला लावायचा. तो हात धुवायचा नाही, डोक्याला पुसायचा, ही वडिलांची शिकवण. त्याच हाताने प्रसाद खायचा. शेंदरात शिसं असतं, हे १९९८ साली आम्हाला कुठे ठाऊक!

आधी पोट दुखायचं. मग आरतीचं तबक हातातून निसटलं. मनगट वर उचलेचना. याला रिस्ट ड्रॉप म्हणतात, नस दुबळी होऊन पंजा लोंबकळतो. सुरेश मात्र ठणठणीत. लोक म्हणायचे, "मारुतीराया पावलाय त्याला." माझा नुसता जळफळाट व्हायचा.

डॉक्टरांनी समजावलं, "पेशींमध्ये ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ असतो, तो विषारी धातूला पकडतो. मेंदूतल्या अ‍ॅस्ट्रोसाइट, म्हणजे चांदणीच्या आकाराच्या पेशी, शिसं स्वतःत कोंडून शेजारच्या चेतापेशींना वाचवतात. ही राखण कुणाची जास्त टिकते, कुणाची कमी. कायमची कुणाचीच नाही. भावाचं रक्त आजच तपासा."

म्हणजे पेशीसुद्धा त्याच्याच चांगल्या! मी घरी अवाक्षर काढलं नाही. नसेचा आजार आहे, एवढंच सांगितलं. खरं सांगतो, त्याचंही तबक एकदा पडावं असं वाटत होतं.

मला चिलेशनसाठी दाखल केलं. शिसं लघवीवाटे बाहेर काढणारं औषध सलाईनमधून देतात. पाचव्या दिवशी, शनिवारी, सुरेश देवळातून तडक डबा घेऊन आला. मला चमच्याने वरणभात भरवला आणि स्वतः त्याच शेंदरी बोटांनी भाकरी मोडायला लागला. त्याचे तीन घास मी गप्प पाहिले. चौथ्याला ओरडलो, "अरे, थांब! हात धू आधी!"

सगळं सांगितलं. "दादा, हे तुला आज कळलं?"

"पाच दिवस झाले."

तो उठून साबणाने हात धुऊन आला आणि उरलेला भात मला भरवला.

त्याच्या रक्तात माझ्याहून जास्त शिसं निघालं. पण वेळेत उपचार झाले. तुमच्या घरी एकाला निदान झालं, तर बाकीच्यांना त्याच दिवशी सांगा.

माझा पंजा अजून पुरता उचलत नाही. आता पूजा सुरेश करतो, हातमोजा घालून. त्याचे धडधाकट हात पाहून मला अजून हेवा वाटतो. मरेपर्यंत तो असाच वाटत राहो.