शकुअक्काच्या कॉम्प्युटरमधले पाच पंखे

हे आठवडाभर लिहायचं राहून गेलंय. रोज मोबाईल हातात घेतो आणि दुसरंच काहीतरी बघत बसतो... आज मात्र लिहूनच उठायचं ठरवलंय.

तर झालं असं. बीदरहून उदगीरला निघालो होतो. औरादला बस थांबली, बाजाराचा दिवस, भज्यांचा वास आला आणि मी उतरलो... भजी खाऊन होईस्तोवर बस गेली. म्हटलं, आलोच आहे तर मावसबहिणीकडे, शकुअक्काकडे चहा घेऊन जावं.

अक्का मराठी शाळेत शिकवायची. मुलं कमी झाली, वर्ग बंद झाले, तेव्हापासून घरीच आहे. पण मराठी असो की कानडी, ती वाचायला लागली की ऐकत बसावंसं वाटतं. हैदराबादच्या एका कंपनीला शेतकऱ्यांच्या फोनवर ऐकवायला असाच आवाज हवा होता... घरी रेकॉर्ड करून पाठवायचं काम.

मी पोचलो तेव्हा ती रडकुंडीला आली होती. पाठवलेला नमुना परत आला होता. आवाज छान आहे, पण मागे सतत घूं ऐकू येतंय... शुक्रवारपर्यंत पुन्हा पाठवा, नाहीतर आम्ही दुसरं कुणीतरी बघतो.

ते घूं म्हणजे तिचा कॉम्प्युटर. दाजींनी कुणाकडून तरी जुना घेतलेला, बाजूला काच, आत रंगीत लायटीचे पाच पंखे. चालू केला की खोलीत कूलर लावल्यागत.

दाजींनी त्यावर उपायही शोधला होता. रेकॉर्डिंगच्या वेळी कॉम्प्युटरवर वाकळ पांघरायची... आवाज थोडा दबायचा, पण आत वाफ कोंडायची आणि अक्काचं वाचन निम्म्यावर आलं की मशीन आपोआप बंद.

मी हैदराबादला एका कॉम्प्युटरच्या दुकानात काही महिने होतो (तिथून का निघालो ती वेगळीच कथा). काच उघडली. पाचही पंखे एकाच्या शेपटीला दुसरा असे जोडून थेट पॉवर सप्लायला लावलेले. म्हणजे सगळ्यांना कायम पूर्ण बारा व्होल्ट... मशीन गार असो की गरम, पंखे आपले जीव खाऊन फिरणार.

आपल्याकडे तसाही पंख्याचा रेग्युलेटर पाचावरच असतो. उन्हाळ्यात कुणी तो दोनवर ठेवला तर पाहुणा रुसून जाईल...

असो. देवघरातली उदबत्ती मागितली आणि एकेका पंख्यासमोर धरली. पुढचे पंखे धूर आत ओढत होते, ते बरोबर. पण मागचाही आतच ओढत होता... मग गरम हवा बाहेर जाणार कुठून? तो काढून उलटा बसवला.

प्रत्येक पंख्याला आणखी एक बारीक, तीन तारांची वायर होती. ती नुसतीच गुंडाळून ठेवलेली. ती मदरबोर्डवर जोडली की बोर्ड स्वतः उष्णता बघून वेग कमीजास्त करतो. पण बोर्डवर पंख्याच्या जागा दोनच, आणि एकाच जागेवर सगळे लटकवले तर बोर्ड जळायचा... माझ्या बॅगेत एक स्प्लिटर निघाला, एका तोंडाची दोन करणारी वायर. तिने पुढचे दोन एका जागी जोडले, मागचा दुसऱ्या जागी. वरच्या दोघांसाठी वेगळा हब लागतो, थेट पॉवर सप्लायवरून करंट घेणारा. ते दोघे बंदच ठेवले.

दाजींना पटेना. "कामून बंद करायलास रे ते? चांगले फिरायलेत की."

"लागत न्हाईत दाजी."

"पाचानं गार व्हईना, अन् तिनानं होतंय व्हय?"

अक्का म्हणाली, "तुम्ही तुमची वाकळ घ्या अन् आत जाऊन पडा."

मशीन चालू केलं... पुन्हा तेच घूं. दाजींनी वाकळेकडे बघितलं. मग मला आठवलं, तीन तारांचे पंखे असले तर बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, तसं सांगावं लागतं, नाहीतर बोर्ड पूर्णच करंट देत राहतो. सेटिंग बदललं आणि पंख्यांचा आवाज उतरत उतरत गेला...

अक्काने थोडं रेकॉर्ड केलं, हेडफोन लावला आणि तिचा चेहराच पडला. आता मागे शेजारची पिठाची गिरणी ऐकू येत होती. इतके दिवस पंख्यांनी ती झाकून ठेवली होती.

गिरणी मल्लिनाथअण्णांची. सांडपाण्याच्या नालीवरून दाजींचं आणि त्यांचं बोलणं कधीचं बंद आहे. "मी न्हाई त्याच्या दारात जायचा," दाजींनी आधीच सांगून टाकलं.

शेवटी अण्णा दुपारी जेवायला गेले, तेवढ्यात अक्काने नमुना वाचला. मी दाराशी श्वास रोखून उभा... मशीन शेवटपर्यंत बंद पडलं नाही.

काल निरोप आला, नमुना पास. उद्यापासून रोजचं काम. मी अजून औरादलाच आहे, उदगीर राहिलंच... पण गिरणी दिवसभर चालते, आणि रोजचं काम काही जेवणाच्या सुट्टीत बसत नाही. सकाळपासून नवराबायकोचा त्यावरच वाद चाललाय. ती म्हणते मी जाऊन बोलते, ते म्हणतात न्हाई.

मला मात्र वाटतंय, निघेल मार्ग. पहिला आवाज बंद झाला म्हणून तर दुसरा कळला... नाहीतर अक्का सगळा दोष कॉम्प्युटरलाच देत बसली असती.

थांबा, दाराची कडी वाजली...

मल्लिनाथअण्णा आलेत. भुवयांवरसुद्धा पीठ. म्हणतायत, "दळण थांबलं की भिंतीतनं समदं ऐकू यायलंय सकाळधरनं. अक्का कवा वाचणार तेवढं सांगा, तवा गिरणी बंद ठेवतो."

दाजी खुर्ची पुढे सरकवतायत...