शिरीषने सैल ठेवलेला व्हॉल्व्ह

शिरीष घाडी देवगडकडचा. ओमानातल्या दुक्मच्या लेबर कँपात पाइप फिटर, हे अकरावं वर्ष. थंडी पडली की सुट्टीच्या शुक्रवारी सकाळीच कुंपणाबाहेर जाऊन रानगाढवांचे फोटो काढायचा, साध्या मोबाइलवर. उन्हाळ्यात ती रात्रीच पाणी पिऊन पसार होतात. थंडीत मात्र ऊन चढेपर्यंत रेंगाळतात. कँपातले लोक चिडवायचे. तो म्हणायचा, "लांब कानांचे घोडे म्हणा रे."

फोटो मलाही पाठवायचा. मी मस्कतला, हमरियात राहतो, कामगारांच्या तक्रारी लिहून देतो. शाळा फार झाली नाही, पण भल्याभल्या मॅनेजरांना घाम फोडलाय. डिसेंबरात त्याचा एक फोटो आला. गाढवीण आणि तिचं शिंगरू, दोघांची तोंडं एकाच डबक्यात. फोटो झकास. पण माझी मेली नजर मागच्या पाइपवर गेली. व्हॉल्व्ह ठिबकत होता. कँपात नळाला दिवसातून दोनच तास पाणी आणि इथे ही उधळपट्टी? डोकंच फिरलं. शिरीषला विचारलंसुद्धा नाही. व्हॉल्व्हभोवती लाल गोल काढला, फेसबुकवर टाकला आणि कंपनीच्या साहेबालाही धाडला.

तिसऱ्या दिवशी गळती बंद. मी ऐटीत शिरीषला फोन लावला. सगळं ऐकून तो म्हणाला,

"भाऊ, तो मीच सैल ठेवला होता. तीन वर्षं."

"कशाला?"

"त्यांना प्यायला."

फोरमनने पाना त्याच्याच हातात दिला होता. त्याने आवळला, मग वरून वॉर्निंग लेटर घेतलं: फिटर असून गळती दिसली कशी नाही? व्हॉल्व्ह कोणासाठी सैल ठेवला होता, हे त्याने तिथे कोणाला सांगितलं नाही.

पुढच्या शुक्रवारी मी दुक्मला गेलो. गाढवं आली. शिंगरू कोरडा खड्डा हुंगत राहिलं, आईने पाइप चाटला, थोडी थांबली आणि चालू लागली. शिरीषचा मोबाइल खिशातच. मी माफी मागायला गेलो होतो, आणि तोंडातून काय निघालं, तर, "आधी सांगायचंस ना मला."

"विचारलं असतंत तर सांगितलं असतं," तो म्हणाला आणि मला चहाला घेऊन गेला.

कँपाच्या नळाला अजूनही दोनच तास पाणी येतं. पोस्ट तशीच आहे. पुसायला जातो, तर खाली बाराशे जणांची शाबासकी दिसते, आणि हात मागे येतो.