चार हंगाम

सप्टेंबरात बेकरीतून आलुबुखाराच्या केकचा वास आला की जर्मनीतल्या इंगोलश्टाटमधील आमच्या इमारतीच्या अंगणातली एक दुपार आठवते. शेजाऱ्यांच्या वार्षिक मेळाव्यात हाच केक होता आणि तिसऱ्या मजल्यावरच्या ऑस्ट्रेलियन आजी आपल्या वडिलांविषयी लिहिलेले एक पान वाचून दाखवत होत्या. साधारण शंभर वर्षांपूर्वी ते मेलबर्नच्या एका संघातून, लंबगोल चेंडूने खेळला जाणारा तिथला फुटबॉल खेळत असत. आजींनी ते पान माझ्याकडे केवळ जर्मन तपासण्यासाठी दिले होते. मी मात्र सवयीप्रमाणे जुनी वर्तमानपत्रे शोधून मजकूरही पडताळला होता. ‘बाबा चार हंगाम खेळले,’ असे त्यांनी वाचताच मी म्हणालो, ‘आल्झो, म्हणजे खरं तर, एकच हंगाम. पुढं त्यांना संघातून वगळलं होतं.’ आजींनी कागदाची सावकाश घडी घातली. ‘मला त्यांनी चारच सांगितले होते,’ त्या म्हणाल्या, आणि पुढचे न वाचताच खाली बसल्या. ताण हलका करावा म्हणून तळमजल्यावरचे गृहस्थ हसून म्हणाले, ‘मास्तरांपुढे जपून बोलायला हवं. तुमचे वडील मुख्याध्यापक होते, असं तुम्हीच सांगितलं होतं ना?’ ‘गेनाऊ, अगदी बरोबर,’ मी म्हणालो. वस्तुतः माझे वडील सहायक शिक्षक म्हणूनच निवृत्त झाले. मुख्याध्यापकांच्या खुर्चीत ते प्रभारी म्हणून जेमतेम सात महिने बसले होते. आजी पुढल्या वर्षी मेलबर्नला परतल्या. माझ्या वडिलांविषयीची ही दुरुस्ती मी अजूनही या इमारतीत कोणाला सांगितलेली नाही.