दोरी की कंदील

"उचला हो. लागेल." वाटेत काहीही पडलेलं दिसलं की भाऊ असं म्हणत वाकायचे. खिळा, रबरबँड, शर्टाचं बटण. मारुती मंदिरापासून कॉलेजपर्यंत चालत येईतो खिसा जड झालेला असायचा. ते आमच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये असिस्टंट, मी शेजारच्या लायब्ररीत. "तुम्ही भंगारवालेच व्हायला हवं होतं," मी म्हणायचो.

"गेममध्ये असंच असतं हो. सुरुवातीला सोडलेली वस्तूच शेवटी अडवते."

गेम म्हणजे जुने, साहसाचे. बेटावर एक माणूस, त्याने वस्तू गोळा करायच्या, त्या वापरून दारं उघडायची. आताच्या कॉम्प्युटरवर ते चालत नाहीत. ते चालते करायचे, तेही लिंक दाबली की थेट ब्राउझरमध्ये, हे भाऊंचं वेड. तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल. रिकामटेकडा उद्योग, असं मी तोंडावर म्हटलेलं आहे.

त्यांना खरा हवा होता एकच गेम. शाळेपासूनचा दोस्त हमीद आणि भाऊ, दोघांनी कॉम्प्युटर क्लासात बसून तो शेवटच्या दारापर्यंत नेला होता. दार कशाने उघडेल यावरून जुंपली. भाऊ म्हणे दोरी, हमीद म्हणे कंदील. निकाल लागण्याआधीच हमीद नोकरीसाठी मस्कतला गेला. एकट्याने उघडायचं नाही असं ठरलं, आणि तिथवरचा खेळ एका फ्लॉपीवर तीस वर्षं राहिला. उत्तर इंटरनेटवर बघा, असं मी सुचवलं तेव्हा भाऊ चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

आपल्या दमट हवेत बुरशी लागेल म्हणून त्यांनी ती फ्लॉपी तांदळाच्या डब्यात पुरून ठेवली. पोरकिडे होऊ नयेत म्हणून घरात तांदळाला एरंडेल चोळतात, हे आमच्या कॉम्प्युटर-पंडितांच्या गावीही नव्हतं. फ्लॉपी निघाली ती तेलाने माखलेली. त्यांचा चेहरा बघून मलाच भरून आलं. मग त्यांनी वरचं प्लास्टिक उघडलं, आतली चकती साबणाच्या पाण्यात धुतली आणि लॅबमध्ये चिमट्याला लावून वाळवली. मी थट्टा केली नाही. तिसऱ्या दिवशी पडद्यावर दार आलं. दारासमोर त्यांचा माणूस तसाच उभा होता.

भाऊंनी लगेच मस्कतला फोन लावला. स्पीकरवर हमीदभाईंचा आवाज लॅबभर झाला. "मी येतंय मे महिन्यात. तवर हात लावशील तर बघ!"

एप्रिलमध्ये भाऊ गेले. हार्ट अटॅक. मला त्यांची किती सवय झाली होती, ते लॅबला कुलूप दिसू लागल्यावर कळलं.

मे महिन्यात हमीदभाई खरंच आले. कॉलेजला सुट्टी होती, किल्ली माझ्याकडे होती. मी भाऊंनी करून ठेवलेली लिंक उघडून दिली आणि शेजारी बसलो. त्यांनी आधी दोरी वापरली. काही झालं नाही. पुन्हा एकदा दोरीच वापरून बघितली. मग कंदील.

दार उघडलं.

"बघ! सांगत होतो की नाय?" म्हणत ते हसत वळले. शेजारच्या खुर्चीत मी होतो.