कपाळावरची रेघ

“हे कपाळावर काय हाये, मिस्त्री?”

गुरुजींनी प्रूफ माझ्यापुढं धरलं. मी बघितलं. बुद्धाच्या कपाळावर उभं गंध होतं. पांढरंशुभ्र, दोन रेघांचं. कोरलेलं मीच, पण कधी कोरलं ते काही केल्या आठवेना.

पंच्याहत्तरच्या आगेमागे मी हिंगोलीच्या एका छापखान्यात ब्लॉक कोरायचो. ब्लॉक म्हणजे चित्राचा ठसा. जस्ताचे तयार ब्लॉक बाहेरगावाहून यायचे, त्याला पंधरा-पंधरा दिवस लागायचे. घाई असली की मी लिनोवर कोरून द्यायचो. लिनो म्हणजे साहेब लोकांच्या बंगल्यात जमिनीवर अंथरतात ते जाड, गुळगुळीत आवरण. त्याचा तुकडा लाकडी ठोकळ्यावर चिकटवायचा आणि कोरणीनं कोरायचा. जे कापलं ते कागदावर पांढरं राहतं, जे राहिलं त्याला शाई लागते. एकदा कापलेलं परत भरता येत नाही. धंद्याचं सगळं गणित एवढंच.

गुरुजी डोंगरकडा गावचे. प्राथमिक शाळेत मास्तर, वय तिशीचं. त्यांच्या धाकट्या बहिणीचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं आणि पत्रिकेवर त्यांना बुद्ध हवे होते. आमच्या कपाटात गणपतीचे लहानमोठे पाच ब्लॉक होते, बुद्धाचा एकही नव्हता. “वर कमळ टाकू, चांगलं दिसंल,” असं मालक म्हणाले होते. गुरुजी नुसतं “न्हाई” म्हणाले आणि वहीत जपून ठेवलेलं एक चित्र माझ्या हाती दिलं. लिनोचा शेवटचा तुकडा उरला होता. मी तो घेतला.

काम सोपं व्हावं म्हणून मी चेहरा भरीव ठेवला. म्हणजे सगळा चेहरा निळा छापायचा आणि डोळे, नाक, ओठ पांढऱ्या रेघांनी दाखवायचे. अशा रेघा भराभर निघतात. पण हात पंधरा वर्षं देवादिकांवर बसलेला. डोळे झाले, ओठ झाले आणि कोरणी आपल्या आपण कपाळावर गेली. डोकं कुठं होतं कोण जाणे.

“एवढीशी तर रेघ हाये, गुरुजी,” मालक म्हणाले. “कोण पाहून राहिलं?”

“माझे वडील पाहतीन.”

“अन् पाहिलं तर काय बिघडलं?”

गुरुजी माझ्याकडं बघून म्हणाले, “त्यांना वाचता येत न्हाई, मिस्त्री. पत्रिका पह्यले त्यांच्या हातात द्यायची हाये, अन् ते चित्रच पाहणार. उभी हयात बुक्का लावला त्यांनी. देवळाच्या पायरीवर कोणी चढू देलं न्हाई. दीक्षा घेऊन आले तवा पह्यले कपाळ धुतलं, मंग पाणी पेले. मी बारा वर्साचा व्हतो, समोर उभा व्हतो. आता त्यांच्याच लेकीच्या पत्रिकेवर मी गंध लावून देऊ का?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मालकांना काही झालं नाही.

“मंग चित्र काढून टाकू. नुसता मजकूर छापतो.”

“तर मंग पत्रिकाच ऱ्हाऊ द्या,” असं म्हणून गुरुजी उठले.

“थांबा,” मी म्हणालो. थांबवून करणार काय, हे मला ठाऊक नव्हतं.

रेघेत लाख भरावी, हा पहिला विचार. पण मशिनच्या दाबाखाली ती चार कागदांत निघून आली असती. मी ब्लॉक उजेडात धरून बसलो. रेघ काही जाणार नव्हती. पण ती दिसत होती कशामुळं? आजूबाजूचं कपाळ निळं होतं म्हणून. कपाळच पांढरं केलं तर? सगळा चेहरा कापून काढायचा आणि डोळ्यांच्या, नाकाच्या, ओठांच्या कडेनं तेवढी बारीक निळी रेघ उभी ठेवायची. पांढऱ्यात पांढरं जिरून जाईल.

बोलायला सोपं. रेघ कापणं वेगळं आणि रेघ उभी ठेवणं वेगळं. उभी रेघ केसासारखी बारीक असते. कोरणी सरळ खाली गेली की रेघेचा पाया तुटतो आणि छापताना ती ढासळते. पातं बाहेरच्या बाजूला कलतं धरावं लागतं, शेताच्या बांधाला उतार ठेवतात तसं. मी कोरणीला दगडावर धार लावली, चामड्यावर फिरवली. थंड लिनोचे टवके उडतात, म्हणून ब्लॉक ओट्यावरच्या उन्हात ठेवला. गुरुजी समोर कागदाच्या गठ्ठ्यावर येऊन बसले.

कपाळ, गाल, हनुवटी निघाली. डोळ्यांपाशी मी थबकलो. आयुष्यभर टक्क उघडे डोळे कोरले होते.

“गुरुजी, मिटलेले करू का?”

“मिटलेले न्हाई, अर्धे. झोपले न्हाईत ते. जागे हायेत.”

सकाळी असं विचारत कोरलं असतं तर ही वेळच आली नसती. श्वास धरून मी पापण्या सोडवल्या. डाव्या डोळ्याची कड एके ठिकाणी थरथरली, पण टिकली.

दिवस कलता कलता दुसरं प्रूफ काढलं. गुरुजींनी ते दारात उजेडाला नेलं. कपाळावर बोट फिरवलं. शाई ओली आहे, हे सांगायचं माझ्या जिवावर आलं.

“आता बराबर,” ते म्हणाले आणि डोळे पुसले. गालाला निळा डाग लागला.

चार दिवसांनी ते पत्रिका घेऊन परत आले. माझ्या नावाची होती.

“वडील बराच वेळ पाहत व्हते. म्हणाले, हे आपल्याच माणसानं कोरलं असंल.”

“मग तुमी काय सांगितलं?”

“काहीच न्हाई. तुमीच लग्नाला या अन् सांगा.”

मी जाऊ नये, असं मालकांनी दोनदा सुचवलं. आमच्या घरातही कुरबुर झाली. तरी गेलो, पंगतीला बसलो. म्हाताऱ्याला म्हणालो, “बाबा, ते मी कोरलं. पहिल्यांदा चुकलं होतं.” काय चुकलं, ते त्यांनी विचारलं नाही. शेजारी बसवून घेतलं आणि माझ्या पानात स्वतः वाढलं.

पुढं कोणाचंही काम घेताना काय पाहिजे ते विचारून झालं, की काय नको तेही मी विचारू लागलो. गिऱ्हाईक वैतागतं. मी विचारतोच.